लाखोरी आणि मज्जापेशीचे पटल

(भंडारा जिल्ह्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेंदूतील पेशींच्या पटलात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे परस्परांशी नाते कसे असते, हा विषय आज मी आपणांपुढे मांडणार आहे. असा विषय एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सभागृहात शोभला असता, भंडाऱ्याच्या मेळाव्यात त्याचे प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. ती शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आपल्याच बांधीत उगवते.

पावसाळा सरून धान पिवळे पडू लागले, की कापणीच्या पंधरा-वीस दिवस आधी आपला शेतकरी उभ्या धानात लाखोरीचे बी फेकतो. यालाच आपण उतेरा म्हणतो. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून नेईपर्यंत रोपे बोटभर वाढलेली असतात आणि बांधीत राहिलेल्या ओलीवर ती हिवाळा काढतात. निळसर फुले येतात, फाल्गुनापर्यंत शेंगा वाळतात. डाळ होते, बेसन होते, सणावारी वडे होतात. कोवळ्या पाल्याची भाजी तर आपल्याकडे आवडीने खातात आणि उरलेले कुटार गुरांपुढे जाते. मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत साठवितात, त्याचा लाभ पुढच्या धानाला होतो. पाऊस जास्त झाला तरी हे पीक तग धरते, कमी झाला तरी धरते. इतके सोशिक पीक मला दुसरे ठाऊक नाही.

याच पिकाने माणसांना जन्माचे पांगळे केले आहे, हीही तितकीच खरी गोष्ट आहे. ते कसे घडते, हे समजावयाचे तर मज्जापेशीच्या पटलापर्यंत जावे लागते. आणि तेथपर्यंत गेल्यावर असे दिसते की, लाखोरी खावी की न खावी या प्रश्नापेक्षा, ती कोण खातो, किती खातो आणि तिच्यासोबत काय खातो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

सागरची हकीकत

या आजाराचे आपल्या देशातील एक जुने आणि स्पष्ट वर्णन आपल्या उत्तरेकडील सागर जिल्ह्याचे आहे. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हा सागर आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात आले, म्हणून ही हकीकत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेले स्लीमन यांनी 1844 च्या आपल्या ग्रंथात ती दिली आहे. 1829 मध्ये गारपिटीने गहू गेला, 1830 मध्ये पाऊस वेळेवर झाला नाही, 1831 मध्ये पिकावर रोग पडला. तिन्ही वर्षे टिकून राहिली ती फक्त तिवरा, म्हणजे आपली लाखोरी. लोकांनी तीच खाल्ली आणि उपासमार टाळली. मग 1833 पासून तिशीच्या आतील मुलेमुली व तरुण यांच्या कमरेखालचे बळ जाऊ लागले. एका गावातील तरुणांपैकी सुमारे निम्मे दोन वर्षांत या आजाराने गाठले, असे स्लीमन यांनी नोंदविले आहे.

पुढे अलाहाबाद भागात आयर्व्हिंग या डॉक्टरांनी 1859 पासून असेच रुग्ण पाहिले. 1873 मध्ये इटलीतील नेपल्सचे कांतानी यांनी या विकाराला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. युरोपलाही हा विकार नवा नव्हता. जर्मनीतील व्युर्टेंबर्गच्या ड्यूकने 1671 मध्येच या पिठाच्या पावास मनाई केली होती. स्पॅनिश चित्रकार गोया याने माद्रिदच्या 1811-12 च्या दुष्काळावर काढलेल्या एका चित्रात याच धान्याची लापशी घेणारे लोक दाखविले आहेत. दुसऱ्या महायुद्धात, आज युक्रेनमध्ये असलेल्या वाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच धान्य खाऊ घातले गेले आणि शेकडो माणसे लंगडू लागली. कैद्यांपैकीच एक असलेले डॉ. आर्थर केसलर यांनी त्याचे कारण ओळखले. सागर, माद्रिद, वाप्न्यार्का: देश निराळे, काळ निराळा, परंतु प्रत्येक ठिकाणी माणसाला दुसरे काही खावयास मिळत नव्हते, ही बाब समान होती.

आजाराचे स्वरूप असे. बहुधा पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड होतात, कंबर ताठते. कधी रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी उठून चालू शकत नाही. पाय लुळे पडत नाहीत, उलट ते ताठ होतात. गुडघे एकमेकांवर येतात आणि माणूस टाचा उचलून चवड्यांवर चालतो. ॲक्टन यांनी 1922 मध्ये याच्या पायऱ्या सांगितल्या: आधी काठीवाचून चालणारा, मग एका काठीचा, मग दोन काठ्यांचा आणि शेवटी जमिनीवर सरपटणारा. बुद्धी शाबूत राहते, वाचा शाबूत राहते, हात बहुधा शाबूत राहतात, आयुष्यही कमी होत नाही. औषधाने ताठरपणा थोडा सैल होतो, पण गेलेले बळ परत येत नाही.

दाण्यातील विष 1964 मध्ये हाती आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, पी. आर. अडिगा आणि पी. एस. सर्मा यांनी ते वेगळे काढून त्याची रचना प्रसिद्ध केली. त्याच वर्षी दिल्लीतील संशोधकांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. त्याचे रासायनिक नाव एवढे लांबलचक आहे, की शास्त्रज्ञही त्याला थोडक्यात ‘ओडॅप’ म्हणतात. तेही एक ॲमिनो अम्लच आहे. परंतु प्रथिने ज्या ॲमिनो अम्लांची बनतात त्यांत त्याची गणना होत नाही.

आता हे विष मेंदूत जाऊन नेमके कोठे बसते, ते पाहू.

पटलाची रचना

मेंदूतील पाणी वगळले तर उरलेल्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. चरबीचे साठे सोडल्यास शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही भागात हे प्रमाण इतके नाही. हे स्निग्ध पदार्थ जाळण्यासाठी साठविलेले नसतात. त्यांची पटले बनलेली असतात. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी आहेत, प्रत्येकीला फांद्या आणि तंतू आहेत आणि त्या सर्वांवर एक अखंड पातळ आवरण आहे. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे दोन लाखावा भाग एवढीच भरते.

या पटलातील मुख्य रेणू फॉस्फोलिपिड. त्याला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी मानवते, शेपट्यांना मानवत नाही. वरणावर टाकलेले तेल वेगळे होऊन तरंगते, त्याच न्यायाने हे रेणू पाण्यात आपोआप दुहेरी थर करतात: डोकी बाहेर, शेपट्या आत. 1925 मध्ये हॉलंडमधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतील सगळे स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर एकपदरी पसरले, तेव्हा त्याने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. पटल दुपदरी आहे हे या सरळ हिशेबाने कळले. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्यांनी हा प्रयोग मुलांना अवश्य सांगावा. त्यात यंत्रसामग्री थोडी आहे आणि तर्क मोठा आहे.

हे पटल भिंतीसारखे कडक नसते. सरळ शेपट्यांचे रेणू शेजारी शेजारी घट्ट बसतात, जसा सरळ काड्यांचा धानाचा भारा घट्ट बांधला जातो. काही शेपट्यांना मधेच वाक असतो; वाकड्या काड्यांचा भारा ढिला राहतो, तसे त्यांचे पटल सैल राहते. थंडीत खोबरेल थिजते आणि जवसाचे तेल वाहते राहते, याचेही कारण हेच. मेंदूच्या पटलात अशा अनेक वाकांच्या शेपट्या भरपूर असतात. त्यांतील एक महत्त्वाचे मेदाम्ल मासळीतून मिळते. शरीर ते जवसातील मेदाम्लापासूनही बनविते, परंतु फार थोडे. जवस आपल्याकडे उतेऱ्यात लाखोरीच्या शेजारीच पिकतो आणि आपल्या माजी मालगुजारी तलावांत मासळी असते, हे सहज सांगून ठेवतो. या रेणूंच्या मधून कोलेस्टेरॉल बसते व पटल फार घट्टही होऊ देत नाही, फार पातळही होऊ देत नाही. हृदयरोगाच्या निमित्ताने आपण कोलेस्टेरॉलला नावे ठेवतो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असलेल्या मेंदूत शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलचा जवळजवळ एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश भाग असतो आणि मेंदू ते स्वतःच तयार करतो.

आणि प्रथिने? ती या स्निग्ध थरात रोवलेली असतात. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी पटलाचे जे चित्र मांडले ते असे, की स्निग्ध द्रव्याचा हा एक पातळ डोह आहे आणि प्रथिने त्यात तरंगत्या ठोकळ्यांप्रमाणे फिरतात. त्याच्या दोन वर्षे आधी फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची व माणसाची पेशी एकत्र जोडून दाखविले होते, की दोघींची प्रथिने सुमारे चाळीस मिनिटांत एकमेकांत मिसळून जातात. थंड केल्यास मात्र मिसळत नाहीत.

प्रथिन पटलात बसते, कारण त्याचा मधला भाग पाण्याला भिणाऱ्या ॲमिनो अम्लांचा असतो. स्निग्ध शेपट्यांच्या सहवासात तो सुखाने राहतो. पटलाची जाडी आणि प्रथिनाच्या त्या भागाची लांबी यांचा मेळ बसावा लागतो. शेजारचे कोलेस्टेरॉल कमी केले तर काही प्रथिने जागेवर टिकत नाहीत. काही प्रथिनांना पेशी स्वतःच एक मेदाम्ल चिकटवून देते आणि त्या खुंटीच्या आधाराने त्यांची पटलातील ये-जा ठरते. तात्पर्य, प्रथिन दारासारखे असेल तर स्निग्ध पदार्थ ही त्याची चौकट आहे. चौकट फुगली किंवा कुजली तर दार लागत नाही.

ही दारे म्हणजे मज्जापेशीचे सारे जीवन. काही दारे पंपाचे काम करतात. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये शोधलेला पंप अखंड सोडियम बाहेर काढतो आणि पोटॅशियम आत घेतो. त्यासाठी त्यांना 1997 चा नोबेल पुरस्कार मिळाला. या पंपामुळे व गळतीच्या मार्गांमुळे पटलाच्या आतबाहेर सुमारे 70 मिलिव्होल्टचा फरक राहतो. हा आकडा लहान दिसतो. परंतु पटलाच्या जाडीने भागून पाहा, म्हणजे सेंटिमीटरमागे सव्वा लाख व्होल्टहून अधिक ताण निघतो. एवढा ताण सहन करणारे आवरण केवळ दोन रेणू जाडीचे असते. मेंदू शरीरातील प्राणवायूचा पाचवा हिस्सा वापरतो, त्यातील मोठा भाग हा ताण राखण्यातच खर्च होतो.

तोतया

एक मज्जापेशी दुसरीला निरोप देते तो बहुधा ग्लुटामेट या रेणूच्या द्वारे. ग्लुटामेट पलीकडच्या पटलातील ग्राही प्रथिनावर बसते. हे प्रथिन चार घटकांचे बनलेले असून त्याचा बाहेरील भाग शिंपल्यासारखा उघडझाप करतो. ग्लुटामेट शिंपल्यात बसले, शिंपला मिटला, की स्निग्ध थरातील दार उघडते, सोडियम आत येते आणि निरोप पोहोचतो. हे सारे सेकंदाच्या काही हजारांश भागात होते. लगेच शेजारच्या पेशी ग्लुटामेट उचलून नेतात आणि दार मिटते.

ओडॅपचा बांधा ग्लुटामेटशी मिळताजुळता आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया पुण्यात आला तेव्हा अनेक जाणती माणसे फसली. येथे तर एक प्रथिन फसते. तोतया शिंपल्यात बसतो आणि दार अवेळी उघडतो, पुन्हापुन्हा उघडतो. सोडियम येतच राहते, पटलाचा ताण उतरतो आणि त्यामुळे दुसरी दारे उघडून कॅल्शियम आत घुसते. पेशीच्या आत कॅल्शियम अत्यंत थोडे असावे लागते. ते वाढले की प्रथिने व स्निग्ध पदार्थ तोडणारी द्रव्ये जागी होतात आणि पेशी आतून पोखरली जाते. अतिउत्तेजनाने पेशी मरू शकते, ही कल्पना अमेरिकेतील जॉन ओल्नी यांनी 1969 मध्ये मांडली होती. 1986 मध्ये माकडांवरील प्रयोग ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि लाखोरीच्या विकारात या द्रव्याचा हात असल्याचा पुरावा भक्कम झाला. मेंदूपासून कण्यातून खाली पायांच्या स्नायूंकडे हुकूम नेणारे जे लांब तंतू आहेत, त्यांच्या पेशींना सर्वाधिक इजा होते. म्हणूनच पाय जातात आणि बुद्धी राहते.

येथवर हे वर्णन ऐकून कोणी म्हणेल, की विष आहे, तेव्हा बंदी घाला, विषय संपला. परंतु एकाच घरात, एकाच चुलीवर शिजलेली लाखोरी खाऊन एकजण पांगळा होतो आणि इतर चौघे होत नाहीत. शिवाय आपल्या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या लाखोरी खाल्ली गेली आहे आणि बहुसंख्य लोक धडपणे चालत आले आहेत. याचे स्पष्टीकरण मिळाले पाहिजे.

त्याचा एक मोठा धागा बंगळूरच्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, 1990 नंतर डॉ. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या प्रयोगशाळेत हाती आला. पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या कणांच्याही भोवती दुपदरी पटले असतात आणि आतल्या पटलात प्रथिनांची एक साखळी असते. ओडॅपमुळे त्या साखळीतील पहिली कडी बंद पडते, असे उंदरांच्या मेंदूवरील प्रयोगांत दिसले. या कडीतील गंधकयुक्त गटांचे ऑक्सिडीकरण होते आणि ती निकामी होते. गंधकाचा साठा पुरेसा असेल तर पेशी ती दुरुस्त करू शकते. मादी उंदरांमध्ये ही दुरुस्ती करणारे द्रव्य अधिक आढळले आणि त्यांना इजा कमी झाली. पुरुषांत हा विकार अधिक का दिसतो, याचे कारण केवळ जास्त खाणे वा जास्त कष्ट एवढेच नसावे, असे यावरून वाटते.

पेशीचा गंधकाचा साठा येतो आहारातील मेथिओनीन व सिस्टीन या ॲमिनो अम्लांमधून. त्यांपासून ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य बनते. पटलातील वाकड्या शेपट्यांचे मेदाम्ल प्राणवायूच्या उग्र रेणूंच्या तडाख्यात लवकर सापडते. बरणीतील जवसाचे तेल उघडे राहिले तर खवट होते, तसेच हे मेंदूतील तेल खवट होऊ शकते. ग्लुटाथायोन ते थोपविते. ते संपले तर चौकटच नासते आणि मग तीत बसविलेले पंप व दारेही काम सोडतात. येथे एक विचित्र योग आहे. पेशीत सिस्टीन आणणारे जे वाहक प्रथिन पटलात असते, त्याच्याही कामात ओडॅप अडथळा आणते. दार उघडे टाकणारा आणि रखवालदाराची शिधा अडविणारा, दोन्ही एकच.

ताटातील हिशेब

आता पुन्हा आपल्या ताटाकडे वळू. लाखोरीत सुमारे 28 टक्के प्रथिने असतात, तुरीपेक्षा अधिक. परंतु इतर डाळींप्रमाणेच, किंबहुना त्यांहून जास्त, तिच्यात मेथिओनीनची वाण आहे. भातात प्रथिने थोडी असली तरी मेथिओनीन तुलनेने बरे असते. भाताबरोबर वाटीभर वरण म्हणून लाखोरी खाणाऱ्याला ओडॅप थोडे मिळते आणि त्याच्याशी झुंजण्याचे साधनही त्याच ताटात मिळते. दुष्काळात भात संपला आणि लाखोरीचीच भाकर, लाखोरीच्याच घुगऱ्या राहिल्या, की ओडॅप वाढते आणि रक्षक द्रव्य घटते. एकूण ऊर्जेच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग सलग तीन-चार महिने लाखोरीतून येऊ लागला, की धोका सुरू होतो, असे वैद्यकीय अनुभव सांगतो. त्यातच पाण्याच्या ताणात वाढलेल्या पिकात ओडॅपचे प्रमाणही वाढते. म्हणजे ज्या वर्षी माणूस लाखोरीवर सर्वाधिक अवलंबून असतो, त्याच वर्षी ती सर्वाधिक विषारी असते.

रीवा भागात हा विकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकला. तेथे शेतमजुरांना मजुरी धान्याच्या रूपाने, आणि त्यातही लाखोरी मिसळून, दिली जात असे. मजुराच्या ताटात काय पडावे हे मालक ठरवीत होता. रोगाचे हे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे नव्हे. परंतु ग्लुटाथायोन इतकेच ते खरे आहे, असे माझे मत आहे.

शासनाने 1961 मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कलम 44-अ घालून लाखोरीच्या विक्रीस मनाई केली. ती कोणत्या तारखेपासून लागू करावयाची हे राज्यांवर सोपविले होते. महाराष्ट्रात ही मनाई लागू होती. हेतू चांगला होता, परंतु नियम विक्रीचा होता. शेतकऱ्याने पेरावे, घरी खावे, यावर त्याचा परिणाम झाला नाही. बाजारात भाव पडला, तुरीच्या डाळीत आणि बेसनात लपूनछपून मिसळण्यास वाव मिळाला. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. 2008 मध्ये महाराष्ट्राने बंदी उठविली. देशपातळीवरील नियमांतून मात्र ही तरतूद गेली नाही. 2011 च्या अन्नसुरक्षा विनियमांतही ती आहे. दाण्यातील विष शोधणाऱ्यांपैकी एस. एल. एन. राव यांनीच 2011 मध्ये याच धान्याच्या उजळ बाजूवर लेख लिहिला, ही गोष्ट मला विशेष बोलकी वाटते.

दरम्यान वाण सुधारण्याचे काम झाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 1970 नंतर पुसा-24 दिला, पुढे रतन आला. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवरा हे वाण काढले. या शेवटच्या तिन्हींत ओडॅपचे प्रमाण हजार भागांत एका भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, तर काही जुन्या स्थानिक वाणांत ते त्याच्या अनेक पट असते. शेतकऱ्याने बियाणे बदलावे असे सांगताना एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. लाखोरीत परागण काही प्रमाणात मधमाश्यांमुळे होते. शेजारच्या बांधीत जुना वाण असेल तर चार-पाच वर्षांत बी पुन्हा मिसळते. एकट्याने बियाणे बदलून भागत नाही, गावाने मिळून बदलावे लागते. ग्रामपंचायतीने हे काम कृषी सहायकाच्या व साकोली येथील कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने अंगावर घ्यावे.

घरच्या पातळीवर करण्यासारखे एक काम सोपे आहे. ओडॅप पाण्यात विरघळते. हैदराबादची जी पोषण प्रयोगशाळा पुढे राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली गेली, तेथील संशोधकांनी 1960 नंतरच्या दशकात दाखविले, की लाखोरी भरपूर गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिले तर विषाचा बराच मोठा भाग निघून जातो. धान उकडण्याची रीत आपल्याला माहीत आहेच. तिच्यासारखीच प्रक्रिया दाण्यावर करता येते. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात, ती भाजीपाल्यातून भरून काढावीत. मात्र ज्या पाण्यात डाळ भिजविली त्याच पाण्यात ती शिजविणे हे निरर्थक आहे, आणि पुष्कळ घरांत नेमके तेच होते. आशा ताई आणि अंगणवाडी सेविका यांनी गृहभेटीत ही एक गोष्ट चुलीपाशी उभे राहून दाखविली तरी पुरे.

आज स्वस्त धान्य दुकानातून तांदूळ व गहू मिळतो, त्यामुळे सागरसारखी स्थिती आपल्या जिल्ह्यात सहसा येणार नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील पाहणीवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखातही लोक लाखोरी अजून खातात, परंतु दुसरे अन्न उपलब्ध झाल्याने ती पूर्वीसारखी मुख्य अन्न राहिलेली नाही, असेच चित्र आहे. तरीही शिधापत्रिका नसलेले, कामासाठी गाव सोडून गेलेले, वृद्ध व एकटे राहणारे, अशी कुटुंबे प्रत्येक गावात असतात. पाऊस हुकलेल्या वर्षी पौष ते वैशाख या महिन्यांत अशा घरांत चुलीवर काय शिजते, याची चौकशी ग्रामपंचायतीने करावी. यासाठी निधी लागत नाही. शाळेतील पोषण आहारात आणि बालकांच्या आहारात लाखोरी वा तिचे बेसन मुळीच येऊ देऊ नये. वाढत्या वयात धोका पत्करण्याचे कारण नाही. तुरीच्या डाळीत ती ओळखावयाची खूण अशी: तुरीची डाळ गोलसर असते, लाखोरीची चौकोनीसर आणि एका बाजूस कुऱ्हाडीच्या पात्यासारखी उतरती. आम्ल टाकून गुलाबी रंग पाहण्याची एक परीक्षा सांगितली जाते. परंतु मेटॅनिल यलो हा भेसळीचा रंगही तसाच गुलाबी होतो, म्हणून तिच्यावर विसंबू नये.

आणि आरोग्य केंद्रातील सहकाऱ्यांना एक विनंती. पोटऱ्यांत गोळे येतात, चालताना पाय अडखळतात, अशी तक्रार घेऊन तरुण मजूर आला तर वात म्हणून मलम देऊन त्याला परत पाठविण्यापूर्वी गेल्या तीन महिन्यांत त्याने काय खाल्ले, ते विचारा. उत्तर लाखोरी असेल तर ती त्याच दिवशी बंद करावयास सांगा आणि त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवा. पेशीच्या पटलातील दार पुरते निखळण्याआधी हाती असलेले दिवस थोडे असतात.